ऑक्टाव्हिया आरएसचा हवामार्ग सुधारताना: आधी मोजावे, मग बदलावे

२०१७ साली भारतात आलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० आणि २०२० मध्ये अवघ्या २०० गाड्यांच्या तुकडीत आलेली आरएस २४५ या दोन्ही गाड्यांच्या बॉनेटखाली ईए ८८८ कुळातील दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आहे. पहिलीत ते २३० पीएस आणि ३५० न्यूटन मीटर देते, दुसरीत २४५ पीएस आणि ३७० न्यूटन मीटर. या गाड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या मनात सुधारणेचा विचार आला की बहुतेक वेळा पहिला हात हवेच्या फिल्टरकडे जातो, कारण ते काम घरी करता येते, खर्च आवाक्यातला असतो आणि आवाजात पडलेला फरक लगेच कानाला जाणवतो. मात्र कानाला जाणवलेला फरक आणि चाकांपर्यंत पोहोचलेली ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मते या कामाचा अर्धा भाग पान्हा हातात घेण्याआधीच, मोजमापाच्या रूपाने उरकायला हवा, आणि म्हणून या लेखात जोडणीइतकीच जागा मोजण्याला दिली आहे.

इंजिन किती हवा ओढते, याचा अंदाज आधी घ्यावा. पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या आसपास, हे इंजिन दर सेकंदाला साधारण १८० ते २०० ग्रॅम हवा घेते. घनफळात सांगायचे तर ही हवा दर सेकंदाला दीडशे लिटरांहून अधिक भरते, म्हणजे घरी पाणी साठवण्याचे दोनशे लिटरचे पिंप हवेने भरलेले असेल तर ते सव्वा सेकंदात रिकामे होईल. एवढी हवा पुढच्या जाळीमागच्या तोंडातून, फिल्टरच्या बॉक्समधून, कागदी फिल्टरमधून, रबरी पाइपातून आणि टर्बोच्या तोंडाशी असलेल्या वळणदार कोपऱ्यातून जाते आणि प्रत्येक टप्प्यावर थोडा थोडा दाब गमावते. हे नुकसान प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे मूळ अवस्थेत किरकोळ वाटणारा अडथळा, रीमॅप करून, म्हणजे इंजिनच्या संगणकाचे सॉफ्टवेअर बदलून, हवेचा प्रवाह ३० टक्क्यांनी वाढवला की जवळजवळ पावणेदोन पट होतो. मूळ ट्यूनवर (कंपनीच्या सॉफ्टवेअरवर) चालणाऱ्या गाडीला महागड्या इनटेकचा (हवा आत नेणाऱ्या संचाचा) फारसा उपयोग का होत नाही आणि रीमॅप केलेल्या गाडीला तो का होतो, याचे मुख्य कारण या वर्गाच्या नियमातच आहे.

दुसरे कारण ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या संगणकाच्या, वागण्यात आहे. टर्बो नसलेल्या इंजिनात वाटेतला अडथळा कमी झाला की सिलिंडरमध्ये थेट जास्त हवा जाते. आरएसच्या इंजिनात मात्र ईसीयूने ठरावीक टॉर्कचे आणि त्यासाठी लागणाऱ्या ठरावीक बूस्टचे (टर्बोने वाढवलेल्या दाबाचे) लक्ष्य समोर ठेवलेले असते, आणि ते गाठण्यासाठी तो वेस्टगेट (टर्बोला बगल देऊन एक्झॉस्ट वायू सोडणारी झडप) हवा तेवढा मिटतो किंवा उघडतो. समजा पुण्यात बाहेरच्या हवेचा दाब ९५ किलोपास्कल आहे आणि मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत) १९० किलोपास्कल निरपेक्ष दाब हवा आहे. वाटेत २ किलोपास्कल गमावले तर टर्बोच्या कॉम्प्रेसरला सुमारे २.०४ पट दाब वाढवावा लागतो आणि ४ किलोपास्कल गमावले तर २.०९ पट. दोन्ही वेळा मॅनिफोल्डमध्ये दाब तेवढाच पोहोचतो. दुसऱ्या वेळी टर्बोला अधिक कष्ट पडतात, हवा थोडी अधिक तापते आणि एक्झॉस्टच्या बाजूचा उलट दाब वाढतो. याचा अर्थ, मूळ ट्यूनवर इनटेक बदलल्याचा फायदा टर्बोवरचा ताण कमी होण्यात आणि वरच्या फेऱ्यांमध्ये बूस्ट टिकून राहण्यात दिसतो. त्यापलीकडे मोठ्या आकड्यांची आशा कोणी दाखवत असेल तर त्याच्याकडून त्याच गाडीच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी मागाव्यात.

दाबापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे तापमान. हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, त्यामुळे ३५ अंशांची हवा बॉनेटखाली ६५ अंशांपर्यंत तापली तर तेवढ्याच घनफळात सुमारे ९ टक्के हवा कमी मावते. टर्बो गाडीत हवा थंड करणारा इंटरकूलर यातला काही भाग भरून काढतो, पण सगळा नाही. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली आणि दाब दुप्पट होतो असे मानले, तर आत येणारी हवा ३५ ऐवजी ६० अंशांची असल्यास कॉम्प्रेसरमधून बाहेर पडताना ती सुमारे ३३ अंशांनी अधिक गरम असते. आत आलेला २५ अंशांचा फरक बाहेर पडेपर्यंत आणखी वाढलेला असतो. गरम हवेमुळे नॉक होण्याची, म्हणजे इंधनाचे मिश्रण अवेळी भडकण्याची, शक्यता वाढते, नॉक जाणवला की ईसीयू स्पार्क मागे घेतो, म्हणजे उशिरा देतो, आणि ताकद तिथे जाते. विदर्भात मे महिन्यात बाहेरचीच हवा ४५ अंशांची असते, तेव्हा इंजिनाच्या शेजारी उघडा ठेवलेला शंकूच्या आकाराचा फिल्टर हा सुधारणेचा नव्हे तर नुकसानीचा भाग ठरतो. माझ्या स्वतःच्या गाडीवर एका गॅरेजने असाच उघडा फिल्टर कोणतेही आवरण न लावता बसवून दिला होता. आवाज सुरेख यायचा, पण सिग्नलवर दोन मिनिटे थांबून निघालो की आत येणाऱ्या हवेचे तापमान स्क्रीनवर चढतच जायचे आणि गाडी जड वाटायची. पंधरा दिवसांत मी मूळ बॉक्स परत बसवला आणि त्यानंतरच मोजायला शिकलो.

मोजमाप कसे करावे

सुरुवात स्वच्छतेपासून करावी. जुना, धुळीने भरलेला कागदी फिल्टर काढून मूळ दर्जाचा नवा बसवावा, बॉक्सच्या तळाशी साचलेली पाने, किडे आणि माती काढावी, पुढच्या तोंडाशी जाळी असेल तर ती साफ करावी, आणि बॉक्सच्या तळाचे पाणी निचरण्याचे छिद्र मोकळे आहे ना ते पाहावे. ‘नव्या इनटेकने फरक पडला’ असे सांगणाऱ्या अनेकांच्या बाबतीत खरी तुलना नव्या इनटेकची आणि तीस हजार किलोमीटर चाललेल्या मळक्या फिल्टरची झालेली असते.

त्यानंतर दाबाचे नुकसान मोजावे. यासाठी महाग उपकरण लागत नाही. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी इंग्रजी यू अक्षराच्या आकारात फळीवर बांधावी, प्रत्येक बाजू निदान ६० सेंटीमीटर उंच ठेवावी, त्यात रंगीत पाणी अर्ध्या उंचीपर्यंत भरावे आणि फळीवर सेंटीमीटरची पट्टी चिकटवावी. एक टोक मोकळे राहते, दुसरे टोक नळीने हवामार्गाला जोडायचे. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत १० सेंटीमीटरचा फरक पडला म्हणजे जवळजवळ १ किलोपास्कल नुकसान आहे. मधल्या नळीत एक रिकामी, घट्ट झाकणाची बाटली अवश्य जोडावी, म्हणजे पाणी उसळले तरी ते बाटलीत साठेल आणि टर्बोत जाणार नाही. पाण्याची भीती वाटत असेल तर कमी पट्ट्याचा व्हॅक्यूम गेज वापरावा. काम तेच होते.

जोडणी तीन ठिकाणी आळीपाळीने करावी: फिल्टरच्या आधी बॉक्सच्या मळक्या बाजूला, फिल्टरनंतर स्वच्छ बाजूला आणि टर्बोच्या तोंडाच्या अगदी जवळ. प्लॅस्टिकच्या भागात ४ मिलिमीटरचे छिद्र पाडून त्यात छोटा निपल बसवता येतो, आणि काम झाल्यावर ते छिद्र रबरी बुचाने कायमचे बंद करता येते. छिद्र पाडताना तो भाग गाडीवरून काढलेला असावा आणि प्लॅस्टिकचा एक कणही आत राहू नये. पूर्ण थ्रॉटलची चाचणी डायनोवर (जागेवरच चाके फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा बंद ट्रॅकवरच करावी, सार्वजनिक रस्त्यावर नाही, आणि आकडा वाचण्याचे काम शेजारी बसलेल्या माणसाने करावे.

या तीन आकड्यांमुळे आपले पैसे वाचतात. पहिल्या ठिकाणीच बहुतेक नुकसान दिसले तर दोष पुढच्या तोंडात आहे, आणि ते मोठे करणे किंवा जाळीमागून अधिक सरळ हवा आणणे एवढेच पुरते. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यात मोठा फरक असेल तर फिल्टर लहान किंवा मळका आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्यात फरक असेल तर रबरी पाइप आणि टर्बोच्या तोंडाचा कोपरा अरुंद आहे. या इंजिनात हा कोपरा रीमॅपनंतर बऱ्याचदा अडसर ठरतो, पण लोक मात्र दिसतो म्हणून बॉक्सच बदलतात. तिसऱ्या ठिकाणी दिसणारे एकूण नुकसान २ किलोपास्कलच्या आत असेल आणि रीमॅपचा विचार नसेल, तर मी मूळ बॉक्स तसाच ठेवण्याचा सल्ला देईन.

याच वेळी ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातील नोंदी वाचण्याच्या जोडणीला) व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन यांसारखे साधन जोडून मूळ अवस्थेच्या नोंदी घ्याव्यात. आत येणाऱ्या हवेचे तापमान, मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट, वेस्टगेटची स्थिती, प्रत्येक सिलिंडरमधील स्पार्कची माघार आणि इंधनाची अल्पकालीन व दीर्घकालीन दुरुस्ती (ईसीयू आपणहून इंधन किती वाढवतो वा घटवतो) या नोंदी पुढे तुलनेला लागतात. तुलना एकाच ठिकाणी आणि शक्य तितक्या सारख्या हवेत करावी. मुंबईहून पुण्याच्या ५६० मीटर उंचीवर आले की हवेचा दाब सहा टक्क्यांहून थोडा अधिक उतरतो, आणि महाबळेश्वरला तो समुद्रसपाटीपेक्षा जवळजवळ १५ टक्के कमी असतो. या नैसर्गिक फरकापुढे इनटेकने वाचवलेले एक-दोन किलोपास्कल सहज हरवतात.

काय निवडावे

बदलायचेच ठरले तर बंद झाकणाचा बॉक्स, त्यात मोठ्या पृष्ठभागाचा फिल्टर, पुढच्या जाळीमागून थेट येणारी हवेची वाट आणि आतून गुळगुळीत पाइप असलेला संच निवडावा. बॉक्सची कड बॉनेटला किंवा स्वतःच्या झाकणाला घट्ट चिकटली पाहिजे. इंजिनच्या बाजूने बोटभर फट राहिली तरी त्या बॉक्सचा अर्थ संपतो. पाइप ॲल्युमिनियमचा की प्लॅस्टिकचा, यावर पुष्कळ वाद होतो. हवा पाइपातून इतक्या वेगाने जाते की चालत्या गाडीत धातूमुळे ती फार तापत नाही, पण रहदारीत तापलेला धातू उष्णता धरून ठेवतो, म्हणून आपल्या शहरांसाठी मला प्लॅस्टिक किंवा सिलिकॉन अधिक योग्य वाटते.

फिल्टरच्या कापडाबाबत मी आग्रही आहे. तेल लावलेल्या सुती जाळीचे फिल्टर हवा सहज सोडतात, पुन्हा धुता येतात, पण बारीक धूळ अडवण्यात चांगला कागद साधारणतः त्यांच्यापेक्षा सरस ठरतो. आयएसओ ५०११ या मानकानुसार केलेल्या चाचणीचे निकाल ज्या फिल्टरसोबत मिळतात, तोच घ्यावा. रस्त्याच्या कामांची, वाळूच्या ट्रकांची आणि उन्हाळ्यातल्या वावटळींची धूळ आपल्या गाड्या खातात. ही धूळ कॉम्प्रेसरच्या पात्यांची कड झिजवते आणि सिलिंडरच्या भिंतींना ओरखडे पाडते, त्यामुळे थोडा कमी प्रवाह आणि अधिक चांगली गाळणी हा सौदा मला नेहमीच मान्य आहे.

निवडीपूर्वी मूळ पाइपावर फिल्टरनंतर हवेचे वस्तुमान मोजणारा सेन्सर आहे का, ते पाहावे. या पिढीच्या अनेक गाड्यांत तो नसतो आणि ईसीयू मॅनिफोल्डमधील दाब व तापमानावरून हवेचा हिशेब करतो. मात्र सगळ्या गाड्यांत तसे नाही, म्हणून आपल्या गाडीवर डोळ्यांनी खात्री करावी. सेन्सर असेल तर तो जिथे बसतो त्या भागाचा आतला व्यास मूळइतकाच हवा. ७० मिलिमीटरच्या जागी ७६ मिलिमीटरचा पाइप आला तर क्षेत्रफळ सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, तेवढ्याच हवेचा वेग कमी होतो आणि सेन्सर सुमारे १५ टक्के कमी हवा दाखवतो. मंद गतीत ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने ईसीयू ही चूक भरून काढतो, पण पूर्ण भारावर मिश्रण पातळ होण्याचा, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडण्याचा, धोका राहतो, आणि टर्बो इंजिनात पातळ मिश्रण पिस्टन वितळवू शकते. तेल लावलेला हवेचा फिल्टर वापरत असल्यास जास्तीचे तेल या सेन्सरच्या तारेवर बसून त्याचे वाचन बिघडवते, हेही लक्षात ठेवावे.

जोडणी

इंजिन पूर्ण थंड असताना, स्वच्छ आणि उजेडाच्या जागी काम करावे. टॉर्क्स बिटांचा संच, सपाट स्क्रूड्रायव्हर, क्लॅम्पसाठी पक्कड, स्वच्छ सुती फडकी आणि काढलेले स्क्रू ठेवायला छोट्या वाट्या एवढे साहित्य पुरते. इंजिनवरचे आवरण वरच्या दिशेने, कडेला धरून, अलगद ओढून काढावे. पुढच्या पट्टीवर बसवलेले हवेचे तोंड स्क्रू काढून मोकळे करावे, पाइपाचा क्लॅम्प सैल करावा, सेन्सरचे किंवा व्हॅक्यूमच्या नळ्यांचे जोड असल्यास त्यांचा फोटो काढून मगच ते सोडावेत, आणि बॉक्स धरणारे स्क्रू काढून तो रबरी बुडख्यांमधून सरळ वर उचलावा. बॉक्स अडला तर जोर लावण्यापूर्वी एखादा स्क्रू राहिला आहे का ते पुन्हा पाहावे.

टर्बोकडे जाणारा पाइप मोकळा झाला की त्या क्षणीच त्याचे तोंड स्वच्छ फडक्याने किंवा चिकटपट्टीने बंद करावे. टर्बोचे चाक मिनिटाला दीड लाखाहून अधिक फेरे घेते; त्यात पडलेला छोटा स्क्रू किंवा वाळूचा खडाही चाक फोडायला पुरेसा आहे. फडके किती आणि कुठे ठेवले ते मोजून ठेवावे, आणि पाइप पुन्हा जोडताना प्रत्येक फडके बाहेर आल्याची खात्री करावी. पाइपच्या आतून बोट फिरवून पाहावे. क्रँककेसमधून (इंजिनच्या तळातल्या कप्प्यातून) येणाऱ्या वाफेमुळे थोडा तेलकटपणा असणे स्वाभाविक आहे, पण करकरीत धूळ हाताला लागली तर आधीपासूनच कुठेतरी गळती आहे आणि ती शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नवा बॉक्स बसवताना सगळे स्क्रू आधी हाताने सैलसर लावावेत, पाइप कुठेही ताणला किंवा दुमडला जात नाही हे पाहावे आणि मगच ते टप्प्याटप्प्याने आवळावेत. सिलिकॉन जोडावरचा क्लॅम्प इतका आवळू नये की सिलिकॉन त्याच्या खाचांतून वर येईल. क्रँककेसची वाफ टर्बोच्या तोंडात परत नेणारी नळी नव्या पाइपाला जोडायची राहून जाते, आणि काही जण ती मुद्दाम उघडी सोडतात. असे करू नये, कारण त्यामुळे तेलाची वाफ थेट हवेत जाते आणि प्रदूषण नियमांचा भंग होतो. काम झाल्यावर बॉनेट हळूच मिटवून पाहावे, बॉक्सवर थोडी ओली माती किंवा चिकणमातीचे गोळे ठेवले तर ते कुठे दबले यावरून बॉनेट कुठे घासते आहे ते कळते.

सुरू केल्यावर इंजिन पाच-दहा मिनिटे मोकळे चालू द्यावे आणि प्रत्येक जोडाजवळ कान देऊन शिट्टीसारखा आवाज येतो का ते ऐकावे. मग आधी चाचणी केली त्याच जागी, तशाच हवेत, तेच दाबाचे आणि ओबीडीचे आकडे पुन्हा नोंदवावेत. पाण्याच्या पातळीतला फरक कमी झाला, वेस्टगेटला तोच बूस्ट गाठताना कमी मिटावे लागले आणि हवेचे तापमान वाढले नाही, तर काम यशस्वी झाले. इंधनाची दीर्घकालीन दुरुस्ती ५ टक्क्यांहून अधिक सरकली असेल तर गळती किंवा सेन्सरचा व्यास तपासावा. डायनोवर जाताना एक खबरदारी घ्यावी: तिथे बॉनेट उघडे असते आणि समोर पंखा असतो, त्यामुळे उघड्या फिल्टरचा आकडा रस्त्यावर कधीच मिळणार नाही इतका चांगला येतो. बॉनेट बंद ठेवून निदान तीन फेऱ्या घ्याव्यात आणि त्यांतल्या सर्वोत्तम नव्हे, तर सारख्या येणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवावा.

खरी ताकद हवी असेल तर यानंतर रीमॅप करावा. तो याच इनटेकसह, आपण नेहमी भरतो त्याच पेट्रोलवर झालेला असावा. एक्सपी९५ किंवा स्पीड ९७ सारखे जास्त ऑक्टेनचे इंधन नियमित मिळणार नसेल तर त्यासाठीचा रीमॅप घेऊ नये.

पावसाळा आणि कायदा

बंपरच्या खालच्या बाजूला फिल्टर लटकवणारे संच थंड हवा आणतात, हे खरे आहे. पण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडलेल्या राज्यात ते मी कोणालाही सुचवणार नाही. पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरले की वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, मग इंजिन उघडण्यावाचून पर्याय राहत नाही. हवेचे तोंड मूळ उंचीवरच असू द्यावे. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर ती पुन्हा सुरू करून पाहू नये. आधी फिल्टर उघडून तो ओला आहे का ते बघावे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून कामाआधी आरटीओत चौकशी करावी, विमा कंपनीला बदलाची लेखी कल्पना द्यावी आणि काम झाल्यावर पीयूसी नव्याने करून घ्यावे. वॉरंटी शिल्लक असेल तर ती संपेपर्यंत थांबलेले बरे.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प पुन्हा तपासावेत, कारण नवे सिलिकॉन उष्णतेने थोडे बसते. फिल्टर दर ५,००० किलोमीटरला उघडून पाहावा, आणि त्या वेळी फिल्टरनंतरच्या, टर्बोकडे जाणाऱ्या पाइपाच्या आतल्या भिंतीवर पांढरे फडके फिरवावे. फडके तपकिरी आले तर फिल्टरची कड नीट बसत नाही किंवा कापड धूळ सोडते आहे. मूळ बॉक्स, त्याचे स्क्रू आणि रबरी बुडखे एका पिशवीत घालून माळ्यावर जपून ठेवावेत, कारण जोराच्या पावसाच्या दोन महिन्यांत मी माझा मूळ बॉक्स दरवर्षी परत चढवतो आणि त्या कामाला अर्धा तासही लागत नाही.